‘रान’ हे पूर्वपद

एका कन्नड कथेचा अनुवाद करताना मी एका झाडाच्या नावापाशी अडले, आणि अजून पुरती सुटलेली नाही. कथा म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूर तालुक्यात घडते. तंबाखूच्या भट्टीवर काठ्यांना पानं ओवण्यात उभं आयुष्य घालवलेली एक म्हातारी महाशिवरात्रीला कोडगूतल्या इरुप्पूला जाते. दर्शन झाल्यावर नातवाच्या मागून थोडा डोंगर चढते. वरच्या गवताळ उतारावर तिला माणसाहून उंच, पांढऱ्या फुलांचा तुरा घेऊन उभं असलेलं एक झाड दिसतं. नातू सांगतो, हा ‘काडु होगेसोप्पु’. म्हातारी एक पान तोडते, सवयीने बोटांत चुरून वास घेते, बराच वेळ त्या तुऱ्याकडे पाहते आणि म्हणते, इतकी वर्षं पानं ओवली, फूल आज पाहिलं.

पहिल्या खर्ड्यात मी ‘रानतंबाखू’ असं लिहून पुढे गेले. काडु म्हणजे रान, होगेसोप्पु म्हणजे तंबाखू. यात थांबण्यासारखं काही दिसलं नाही. खर्डा वाचणारी माझी मैत्रीण महाबळेश्वरची आहे. तिने समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘हे झाड म्हणजे ढवळ ना? मग तंबाखू का म्हणतेस?’ आणि त्याखाली, जरा दाबून, ‘विषारी असतं. आम्हाला लहानपणी हात लावू देत नसत.’

तिचं बरोबर होतं. शास्त्रात ज्याला लोबेलिया निकोशिआनिफोलिया म्हणतात ते हे झाड सह्याद्रीत वरच्या बाजूला, साधारण नऊशे मीटरच्या वर, गवताळ उतारांवर आणि जंगलाच्या कडेला उगवतं. महाबळेश्वरच्या वाटेवर डोंगर कापून रस्ता काढलेला असतो, तिथल्या उघड्या मातीवर हिवाळ्यात याचे पांढरे तुरे उभे दिसतात. गाडीतून पाहिलेले पुष्कळांना आठवतील, नाव मात्र थोड्यांना ठाऊक असेल. पहिल्या काळात ते जमिनीलगत लांबट पानांचा नुसता घेर करून बसतं, आणि त्या वेळी खरोखरच तंबाखूच्या रोपासारखं दिसतं. मग मधून दांडा वर चढतो, आतून पोकळ, आणि त्याच्या शेंड्याला हातभर लांब फुलोरा येतो. फुलं दुधी पांढरी. उमलण्याआधी प्रत्येक फुलाचा देठ पीळ घेतो आणि फूल उलटं होतं. आपण ज्याला खालची पाकळी समजतो ती मुळात वरची असते. बी धुळीसारखं बारीक. केनियाच्या पर्वतावर चार हजार मीटरच्या वर ज्या राक्षसी लोबेलिया उभ्या असतात, त्यांच्याच शाखेतलं हे आपलं झाड. तंबाखूशी त्याचं काही नातं नाही. तंबाखू वांगी-मिरचीच्या कुळातली, हे वेगळ्या कुळातलं.

मराठीत त्याला दोन चांगली नावं आहेत. एक ढवळ, फुलांच्या रंगावरून. दुसरं देवनळ, पोकळ दांड्यावरून. दोन्ही नावं झाडाकडे पाहून ठेवलेली आहेत. तिसरं नाव, रानतंबाखू, दुसऱ्याच झाडाकडे पाहून ठेवलेलं आहे.

या तिसऱ्या नावाने मला अस्वस्थ केलं ते आधी वयाच्या हिशोबाने. सह्याद्रीत हे झाड कधीपासून आहे याला माणसाच्या मोजणीत काही अर्थ नाही. तंबाखू पोर्तुगिजांबरोबर आली, म्हणजे कालपरवा. 1604 च्या सुमारास अकबराचा सरदार असद बेग विजापुराहून परतताना तंबाखू आणि रत्नजडित हुक्का घेऊन दरबारात गेला, तेव्हा तिथल्या हकिमाने हरकत घेतली की आपल्या ग्रंथांत या वनस्पतीचा उल्लेख नाही. असद बेगचं उत्तर त्याच्या आठवणींत नोंदलेलं आहे. त्याचा आशय असा की जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवी होतीच. अकबराला ते पटलं. मलाही पटतं. पण जे नवं म्हणून आलं ते इतक्या लवकर घरचं होतं, आणि जे घरचंच होतं त्याला नव्याच्या नावाने हाक मारली जाते, ही गोष्ट निराळी.

मराठीजवळ परक्यासाठी एक प्रामाणिक शब्द आहे, विलायती. मेक्सिकोकडून आलेल्या चिंचेला आपण विलायती चिंच म्हणतो आणि बाभळीलाही विलायती म्हणून वेगळी बसवतो. तंबाखूला मात्र आपण कधी विलायती म्हटलं नाही. ती नुसती तंबाखू झाली, आणि मग डोंगरावरचं जुनं झाड तिच्यासारखं दिसतं म्हणून त्याला ‘रान’ लावावं लागलं. (व्याकरणात ‘रान’ हा उपसर्ग नाही, समासाचं पूर्वपद आहे. पण वागतं उपसर्गासारखंच.) रानकोंबडा म्हणताना निदान पूर्वज आणि वंशज यांची अदलाबदल तरी असते; घरची कोंबडी रानातल्या कोंबड्यापासूनच आली. इथे तेही नाही. चेहरा मिळतो एवढ्यावर एकाला दुसऱ्याचा गावंढळ भाऊ ठरवलं आहे.

शास्त्रीय नावाकडे वळले तर तिथेही तंबाखूच. लोबेलिया हे नाव मातियास द लोबेल या फ्लेमिश वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलं, निकोशिआनिफोलिया म्हणजे तंबाखूच्या पानांचं. तंबाखूला निकोशियाना म्हणतात ते झाँ निको या लिस्बनमधल्या फ्रेंच वकिलामुळे; त्याने 1560 च्या सुमारास ती फ्रान्सच्या दरबारात पाठवली. लोबेलची गंमत अशी की त्याने पिएर पेनाबरोबर 1570-71 मध्ये काढलेल्या वनस्पतिग्रंथात तंबाखूचं चित्र आहे, युरोपात छापलेल्या अगदी आरंभीच्या चित्रांपैकी, आणि त्यात पानांची जाड सुरळी ओढणारा एक माणूसही दाखवला आहे. पुढे लोबेल इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाचा वनस्पतिज्ञ झाला. त्याच राजाने 1604 मध्ये तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. तेव्हा या झाडाचं नाव उलगडलं तर अर्थ होतो, तंबाखूचं चित्र छापणाऱ्याचं झाड, ज्याचं पान तंबाखू पाठवणाऱ्याच्या झाडासारखं आहे. दोघांपैकी एकानेही सह्याद्री पाहिला नव्हता. ज्याने पाहिला असण्याची शक्यता आहे तो बेंजामिन हाइन, टिपू पडल्यानंतर मॅकेन्झीने चालवलेल्या म्हैसूरच्या सर्वेक्षणातला वनस्पतिज्ञ. त्याने गोळा केलेले नमुने ब्रेमेनजवळच्या रोथ नावाच्या डॉक्टरकडे पोचले आणि नाव तिथे पडलं. हाइनचं स्वतःचं नाव दुसऱ्या एका लोबेलियाला मिळालं, लोबेलिया हाइनियाना, गवतात लपून जाणारी, बारीक फुलांची. मोठ्या झाडाला त्याचं नाव मिळालं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण हा माझा हट्ट झाला.

कन्नडमध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे आणि अनुवादात माझी चूक नेमकी तिथे होती. आपण तबाको हा पोर्तुगीज शब्दच उचलून तंबाखू केला. कन्नडने स्वतःचा शब्द घडवला : होगे म्हणजे धूर, सोप्पु म्हणजे पाला. धुराचा पाला. तमिळनेही असंच केलं आहे. त्यामुळे काडु होगेसोप्पु या नावात परदेशी झाडाचा उल्लेख कानाला लागतच नाही. रानातला धूरपाला, एवढंच ऐकू येतं. मराठीत रानतंबाखू म्हटलं की पुडी आणि चुना डोळ्यांसमोर येतात. शब्दाला शब्द ठेवला होता, वजन मात्र बदललं होतं.

आणि मग मैत्रिणीचा दुसरा शेरा होताच, विषारी. झाडात लोबेलिन नावाचं द्रव्य असतं. शरीरात निकोटिन ज्या ठिकाणी जाऊन चिकटतं तिथेच तेही चिकटतं. थोड्याने मळमळ, ओकारी. जास्त झालं तर जीवावर. अमेरिकेतल्या लोबेलिया इन्फ्लाटा या लहान भावंडाला तिथले लोक ‘इंडियन टोबॅको’ म्हणत. सॅम्युएल थॉमसन नावाचा एक वैदू तिचा काढा देऊन रोग्यांना ओकाऱ्या काढायला लावायचा. 1809 मध्ये त्याच्यावर एका रोग्याच्या मृत्यूबद्दल खुनाचा खटला चालला, तो सुटला. आपलं ढवळ भारतात त्या अमेरिकन लोबेलियाच्या बदली औषध म्हणून वापरलं गेलं. म्हणजे दोन्हीकडून बदली : तंबाखूच्या नावाने ओळख, इन्फ्लाटाच्या जागी काम. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ म्हणतात. इथे वाण वेगळं, बांधले हजारो कोस दूर, आणि एक गुण मात्र आधीपासून सारखा.

कथेतली म्हातारी त्या झाडाचं पान तोडते. मी मराठी वाचकाला सांगते आहे की ती तंबाखू आहे, रानातली. कोणी ते वाचून डोंगरावर जाऊन पान चघळेल अशी भीती घालणं हास्यास्पद आहे, मला कळतं. तरी नाव ही एक प्रकारची हमी असते आणि ही हमी खोटी होती.

मग ढवळ लिहावं, प्रश्न मिटला? नाही मिटला. म्हातारीचं वाक्य ढवळ या शब्दाबरोबर उभंच राहत नाही.

त्यासाठी तंबाखूच्या शेताबद्दल दोन शब्द. मी निपाणीची. आमच्याकडची तंबाखू विडीची, हुणसूरची सिगारेटची. आमची उन्हात वाळते, त्यांची भट्टीच्या उष्णतेत. पण एक काम दोन्हीकडे आहे. झाड फुलावर आलं की शेंडा खुडतात, पुढे बगलफूट काढत राहतात, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. तंबाखूला सुंदर फूल येतं, पण ज्याची तंबाखू चांगली त्याच्या शेतात ते दिसत नाही. निपाणीच्या वखारींच्या वासात वाढूनही मी ते पहिल्यांदा एका पुस्तकात पाहिलं. म्हातारी इतकी वर्षं ज्या झाडाची पानं ओवत आली त्याचं फूल तिने पाहिलेलं नाही, आणि डोंगरावर तिला वाटतं की ते आज पाहिलं. ती चुकते आहे. झाड दुसरंच आहे. पण त्या चुकीतच कथा आहे. मी ढवळ लिहिलं तर वनस्पतिशास्त्र बरोबर होतं आणि म्हातारी मुकी होते.

गेल्या हिवाळ्यात मी हुणसूरला गेले. लक्ष्मणतीर्थ नदी ब्रह्मगिरीवर उगम पावते, इरुप्पूचा धबधबा तिचाच, आणि पुढे हुणसूर शहरातून वाहत जाऊन कावेरीला मिळते. वर लोबेलिया, खाली तंबाखू, मधे एक नदी. कथेतल्या म्हातारीने तोच प्रवास उलटा केला. हुणसूर सातशे-आठशे मीटरवरचं पठार, तिथे ढवळ उगवत नाही. तिथे दिसतात त्या उंच, बारीक झरोक्यांच्या भट्ट्या, ज्यांना लोक ‘ब्यारन’ म्हणतात. पानं काठ्यांना ओवून आत टांगायची, पाचसहा दिवस खालून सरपण जाळून ताव वाढवत न्यायचा, पान पिवळं धरायचं. मी गेले तेव्हा हंगाम संपला होता, भट्ट्या थंड होत्या, लिलाव चालू होता.

एका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून मी त्यांना फोनमधला फोटो दाखवला. दोन दिवस आधी ब्रह्मगिरीच्या वाटेवर काढलेला, तुरा अर्धा फुललेला. त्यांनी लगेच नाव सांगितलं, काडु होगेसोप्पु. मग विचारलं, ‘इदरिंद एनु उपयोग, अक्का?’ याचा उपयोग काय?

हा प्रश्न ऐकला की आपल्यासारखी साहित्यातली माणसं मनातल्या मनात जरा नाक मुरडतात. मीही मुरडलं असेल. पण ते पुढे बोलू लागले तेव्हा लाज वाटली. तंबाखू मंडळाकडे नोंदणी करायची, ठरवून दिली तेवढीच पिकवायची, आणि त्याच वेळी दुसरं पीक शोधा म्हणून ऐकून घ्यायचं. 2004 मध्ये भारताने तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारावर शिक्कामोर्तब केलं. त्यात तंबाखू पिकवणाऱ्यांना पर्याय मिळवून देण्याचंही कलम आहे. पर्याय अजून ओसरीपर्यंत आलेला नाही. निपाणीत 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले आणि गोळ्या खाऊन मेले, हे ऐकत मी मोठी झाले आहे. तंबाखू वाईट, हे वाक्य आमच्याकडे कुणी सहज बोलत नाही. त्या शेतकऱ्याचा प्रश्न साधा होता. हे तंबाखूसारखं झाड आहे, तर ते तंबाखूच्या जागी लावता येईल का?

मी त्यांना सांगितलं की याच्या द्रव्यापासून सिगारेट सोडवणाऱ्या गोळ्या बनत होत्या, आणि गुण येतो हे सिद्ध झालं नाही म्हणून अमेरिकेत 1993 मध्ये त्यांची विक्री बंद झाली. ते हसले. ‘म्हणजे लावायलाही नाही आणि सोडायलाही नाही.’

तौलनिक साहित्य शिकलेल्या माणसाला इथे चीनचा च्वांग त्झू आठवतोच. त्याचं ते वेडंवाकडं झाड, ज्याचं लाकूड कशाच्याच कामाचं नसतं म्हणून कोणी तोडत नाही आणि ते म्हातारं होईपर्यंत जगतं. विद्यार्थी असताना मला हा युक्तिवाद फार आवडायचा. आता वाटतं, तो एकेकट्या झाडाला लागू पडतो, त्याच्या जागेला नाही. ढवळ कोणी तोडत नाही हे खरं. पण ते ज्या गवताळ उतारावर उभं असतं त्याला कागदावर काय म्हणतात ते पाहा. आपल्या सातबाऱ्यात ‘पोटखराबा’. कर्नाटकच्या पहाणीत ‘खराब’, त्यातही अ-खराब आणि ब-खराब. कन्नड आणि मराठी, एरवी सीमेवर इतकं भांडणाऱ्या दोन भाषा, या एका शब्दावर एकमत. पीक निघत नाही, करआकारणी होत नाही, म्हणून खराब. त्या शब्दाच्या आधाराने निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत शोलांच्या भोवतालचं गवत ओसाड समजून तिथे ऑस्ट्रेलियातली वॉटल आणि निलगिरीची झाडं लावली गेली. कुऱ्हाड एकाही लोबेलियावर चालवावी लागली नाही. सावली पडली, गवत गेलं, आणि उघड्या उतारावर जगणारी झाडं आपोआप गेली. निरुपयोगी झाडाला निरुपयोगीपणा वाचवतो, पण निरुपयोगी जमिनीला तोच बुडवतो.

परतीच्या बसमध्ये माझ्या रागाचं तोंड फिरलं. रानतंबाखू या नावावर मी इतके दिवस चिडले होते. पण नवं काही दिसलं की माणूस त्याला ओळखीच्या गोष्टीशेजारी ठेवूनच पाहतो, दुसरा मार्ग नसतो. महाबळेश्वरच्या गुराख्याने पांढऱ्या रंगाशेजारी ठेवलं, हुणसूरच्या म्हातारीने तंबाखूशेजारी. तिला पांढरा रंग नव्हता का दिसला? दिसला, पण तिच्या हातांना आयुष्यभर जे माहीत होतं ते पान होतं. तुलनेत अन्याय नाही. अन्याय होतो तो तुलना करून वही मिटण्यात : तंबाखूसारखं, पण तंबाखू नाही, तेव्हा शून्य. जमिनीसारखी, पण पिकत नाही, तेव्हा खराब. म्हातारीने वही मिटली नाही. ती बराच वेळ पाहत राहिली, हे कथेत स्पष्ट लिहिलेलं आहे.

‘रान’ या शब्दाबद्दलही मी घाई केली होती. आमच्या निपाणी-कोल्हापूर भागात ‘ते रानात गेलेत’ म्हणजे शेतात गेलेत. रान म्हणजे जिथे आपण राबतो ते. पुण्यामुंबईच्या वाचकाला रानतंबाखू म्हणजे जंगली तंबाखू. माझ्या आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तंबाखू रानात नाही तर काय माळ्यावर लावतात? त्या अर्थाने म्हातारीचं होगेसोप्पु आणि डोंगरावरचं काडु होगेसोप्पु माझ्या आजीच्या मराठीत एकाच शब्दात मावले असते. हे शब्दकोशात मिळणार नाही आणि छापील मराठीत पोचवताही येणार नाही, पण निर्णयाच्या वेळी ते माझ्या बाजूला उभं होतं.

मधे एक तोडगा काढून पाहिला. निवेदनात ढवळ, नातवाच्या आणि म्हातारीच्या तोंडी रानतंबाखू. लेखिकेला फोनवर वाचून दाखवलं. तिला मराठी कळतं, तिचं आजोळ बेळगावचं. ती म्हणाली, ‘माझ्या कथेत एकच झाड आहे गं. तुझ्या कथेत दोन झालीत.’ तळटीप हा दुसरा उपाय, तो मी कथेत कधी करत नाही. म्हातारी फूल पाहत असताना पानाच्या तळाशी कोणी लोबेलिनबद्दल बोलू लागलं तर मी स्वतः पुस्तक मिटेन.

शेवटी सगळीकडे रानतंबाखूच ठेवलं. मुद्रितं गेल्या आठवड्यात परत पाठवली. मैत्रिणीला कळवलं तर तिने एवढंच विचारलं, ‘आणि विष?’

त्याचं उत्तर मी मुद्रितात दिलेलं आहे, आणि ते इथे कबूल करते. म्हातारी पान चुरून नाकाशी नेते तिथे नातू म्हणतो, ‘अज्जी, तोंडात घालू नको.’ हे चार शब्द मूळ कथेत नाहीत. वीस वर्षांत मी कुणाच्या मजकुरात एक शब्द वाढवलेला नाही. लेखिकेला अजून सांगितलेलं नाही. हा अंक तिच्या हाती पडण्याआधी सांगायला हवं.